आधी ५५५, मग आज्ञावली

शालेय विज्ञान प्रदर्शनांत हल्ली यंत्रहात, आपोआप उघडणारे फाटक किंवा झाकण उचलणारी कचरापेटी हटकून दिसते. त्यांच्या पोटात बहुधा काडेपेटीहूनही लहान अशी सर्व्हो मोटर असते. तयार इलेक्ट्रॉनिक पाटी आणायची, कोणीतरी लिहिलेली आज्ञावली तिच्यात भरायची, की हात हलू लागतो. मात्र ‘हात नेमका येथेच का थांबला?’ असे विचारले, तर ‘प्रोग्रॅममध्ये ९० लिहिले आहे म्हणून’ असे उत्तर येते. हे खोटे नाही; पण त्याने काहीच उलगडत नाही. माझे मत असे, की सर्व्हो मोटर पहिल्यांदा चालवावी ती संगणकाशिवाय, स्वतः जोडलेल्या साध्या मंडलाने.

प्रथम ही मोटर समजून घेऊ. तिच्या डबीत चार गोष्टी असतात : एक लहान मोटर, वेग कमी करणारी दंतचक्रे, बाहेरच्या भुजेबरोबर फिरणारा बदलता रोधक आणि एक छोटे मंडल. बाहेर तीन तारा येतात. दोन विजेसाठी, तिसरी निरोपासाठी. हा निरोप म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी येणारा विजेचा एक स्पंद. स्पंद १ मिलिसेकंद टिकला तर भुजा एका टोकाकडे, २ मिलिसेकंद टिकला तर दुसऱ्या टोकाकडे आणि दीड मिलिसेकंद टिकला तर मध्यभागी. प्रोग्रॅममधल्या त्या ‘९०’चा अर्थ हाच, सुमारे दीड मिलिसेकंदाचा स्पंद!

आतले मंडल भुजेची जागा बदलत्या रोधकावरून ओळखते, तिच्याशी जुळणारा स्वतःचा स्पंद तयार करते आणि बाहेरून आलेल्या स्पंदाशी त्याची तुलना करते. फरक असेल तर मोटर फिरते, फरक मिटला की थांबते. पेल्यात पाणी भरताना तुमचे डोळे पातळी पाहतात आणि हात नळ आवरतो, तसेच हे आहे. यालाच प्रत्याभरण म्हणतात. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या यंत्राला बसवलेल्या वेगनियंत्रकात हेच तत्त्व होते.

असा स्पंद तयार करायला ५५५ ही आयसी पुरते. हान्स कामेनझिंड यांनी तिची रचना १९७१ मध्ये केली. चार कोरड्या सेलांचे ६ व्होल्ट घ्या. आयसीच्या ८ व ४ क्रमांकाच्या टोकांना धन, १ ला ऋण जोडा. धन टोक व ७ यांच्यामध्ये १० किलोओहमचा रोधक आणि त्याच्याशी एकसरीत १० किलोओहमचा बदलता रोधक बसवा. ७ व ६ यांच्यामध्ये २७० किलोओहमचा रोधक आणि त्याला समांतर डायोड, ७ कडून ६ कडे वीज जाऊ देणारा. २ व ६ एकत्र जोडून तेथून ऋणापर्यंत ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र लावा. ३ क्रमांकाचे टोक मोटरच्या निरोपाच्या तारेला. मोटरच्या इतर दोन तारा सेलांना जोडा आणि त्यांच्याशी समांतर १०० मायक्रोफॅरडचे धारित्र ठेवा, कारण मोटर सुरू होताना एकदम जास्त वीज ओढते.

धारित्र डायोडमधून झटकन भरते, तो आपला स्पंद, सुमारे ०.९ ते १.८ मिलिसेकंदांचा. ते रिकामे होते मोठ्या रोधकातून, सावकाश, सुमारे १९ मिलिसेकंदांत. तुम्ही खुंटी फिरवता, स्पंदाची लांबी बदलते आणि भुजा तुमच्या बोटांमागून फिरते.

कोणी म्हणेल, आज्ञावलीने हेच काम अधिक अचूक होते आणि एका पाटीवर अनेक मोटरी चालतात. अगदी खरे. आपल्या मंडलात सेल उतरू लागले, की भुजा किंचित सरकते. पण ती का सरकते, हे शोधून पाहा. डायोड सुमारे ०.६ व्होल्ट स्वतःकडे ठेवतो. एकूण व्होल्ट घटले, की हा वाटा तुलनेने मोठा होतो, धारित्र भरायला वेळ लागतो आणि स्पंद लांबतो. तयार पाटीत ही उणीव दिसत नाही, म्हणून तिचे कारणही कोणी विचारत नाही. आज्ञावली जरूर शिका. पण आपण कशाला आज्ञा देत आहोत, हे आधी हाताने जाणून घ्या. नाहीतर मोटर चालेनाशी झाली, की पाटी बदलण्यापलीकडे काही सुचणार नाही.

शिक्षकांना व परीक्षकांना विनंती, की प्रकल्प चालतो का एवढेच पाहू नका. त्यातला एक भाग बदलायला सांगा आणि काय होईल ते आधी विचारा.

तुम्हीही तसेच करा. २७० किलोओहमच्या जागी २२० किलोओहमचा रोधक बसवला, तर भुजा सरकेल की जागेवरच राहील? उत्तर कारणासह वहीत लिहा आणि मगच रोधक बदला.