कच्च्या मडक्याची पारख

गेल्या दिवाळीत पुतण्या जर्मनीहून कुटुंबासह तेरला आला, तेव्हा त्याच्या सात वर्षांच्या, पिंगट केसांच्या मुलीभोवती आमची सारी गल्ली गोळा झाली. कोणी तिच्या केसांवरून हात फिरवला, कोणी 'ही सगळी आईवर गेली, आपलं काहीच नाही' असा निकाल तिच्यादेखत दिला, तर कोणी 'मराठी बोलून दाखव' म्हणून तिची परीक्षाच मांडली. हे सारे मायेपोटी झाले, याविषयी मला तिळमात्र शंका नाही; परंतु तिला मराठी समजते, आणि ती रात्री जेवायला उठली नाही.

कुंभार संत गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासून नामदेवांना कच्चे ठरवल्याची कथा ज्या गावात घरोघर सांगितली जाते, त्या गावाने एवढे ध्यानी घ्यावे की ती कसोटी जाणत्या भक्ताची होती. ओल्या मडक्यावर कुंभार थापटणे चालवतो ते आतून आधार धरून. तो आधार देण्याआधीच आपण 'अर्धी मराठी, अर्धी जर्मन' असा हिशेब मांडतो. रक्त हे काही वतन नव्हे, की दप्तरात आणेवारी लिहून त्याचे हिस्से पाडावेत. मूल आईचेही सबंध असते आणि बापाचेही सबंध असते.

परक्या मुलखाचे नवल तेरने तरी करू नये. ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस'मध्ये तगर म्हणून नोंदलेले हेच गाव. येथल्या लामतुरे संग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी विलक्षण साम्य असलेली मूर्ती, इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत सापडली आहे. मालवण तालुक्यातील वराडचे मूळ असलेले वडील आणि आयरिश आई यांचे पुत्र लिओ वराडकर २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले, आणि २०१९ च्या डिसेंबरात ते वराडला आले तेव्हा गावाने त्यांना आपले मानले, याचा मला आनंदच आहे. मात्र तोच आपलेपणा कोणत्याही पदाच्या दाखल्यावाचून प्रत्येक लेकराला मिळाला पाहिजे.

त्या न जेवलेल्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या वहिनीने नातीला काही विचारले नाही. परातीत ज्वारीचे पीठ मळून एक लहान गोळा तिच्यापुढे ठेवला.

"आजी, फाटली," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"फाटू दे. कडेनं पाणी लाव अन् थाप."

तिने बोटे पाण्यात बुडवली.