आकडा एक, काडतुसे दोन

खिशात मावणाऱ्या पिस्तुलाचा परवाना मिळाला की धारकाचे सारे लक्ष शस्त्राच्या निवडीवर खिळते. काडतुसाचा विचार दुकानाच्या दारात होतो. तेथे ‘बत्तीसची द्या’ एवढे म्हटल्याने भागते, हा समज घातक आहे. सरकारी आयुध निर्माणींनी बनविलेले ‘अशनी’ पिस्तूल व ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर ही दोन्ही ‘पॉइंट बत्तीस’चीच. परंतु पहिल्याच्या काडतुसाचे कवच १७ मिलिमीटर लांब, दुसऱ्याचे २३. एकाचे काडतूस दुसऱ्यासाठी नव्हेच.

याहून सूक्ष्म चूक जाणत्यांकडूनही होते. ब्राउनिंगने १८९९च्या सुमारास सिद्ध केलेल्या या पिस्तुली काडतुसाच्या बुडाची कड कवचाहून किंचित रुंद असते. अधिक संहारक म्हणून पोकळ टोकाची आखूड गोळी निवडली, तर काडतुसांना मॅगझिनमध्ये मागेपुढे सरकण्यास वाव मिळतो. वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे अडकते आणि पिस्तूल ऐन वेळी मुके होते.

म्हणून संहारकतेआधी खात्री पाहिली पाहिजे. शस्त्रावर कोरलेले आणि वेष्टनावर छापलेले काडतुसाचे नाव तंतोतंत जुळणे ही पहिली कसोटी. निर्मात्याने सुचविलेलाच प्रकार घेणे ही दुसरी. २०१६च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षा-प्रशिक्षण आवश्यक ठरविले. त्यात हा पाठ प्रत्यक्ष काडतुसे हाती देऊन शिकविला गेला पाहिजे. आत्मरक्षणाचा परवाना देणाऱ्या शासनाची जबाबदारी कागदावर शिक्का उमटविल्याने संपत नाही.