मनावर घेणं आणि मनाला लावून घेणं

मिरजेच्या आमच्या घरात देवघराशेजारच्या भिंतीवर एक कृष्णधवल फोटो आहे. त्यात आठ महिन्यांची मी आहे. अंगात झबलं, गालावर काजळाची तीट आणि शेजारी ठेवलेला स्टीलचा पेला. गुटगुटीत बालक स्पर्धेत मला मिळालेलं ते पहिलं बक्षीस. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला आई तो फोटो आजही कौतुकाने दाखवते. मी शाळेत जाऊ लागले आणि ते कौतुक थांबलं. पुढची चाळीस वर्षं याच शरीराबद्दल मी एकच वाक्य ऐकत आले : "जरा मनावर घे."

पीटीच्या सरांनी ते सगळ्या वर्गासमोर म्हटलं. गणवेशाला कापड जास्त लागेल, हे सांगता सांगता शिंपीकाका म्हणाले. मामी म्हणाली, शेजारच्या काकू म्हणाल्या, पुढे स्थळं घेऊन येणारे म्हणाले. मी रडत घरी आले की आई जवळ घ्यायची आणि म्हणायची, "मनाला लावून घेऊ नकोस गं." म्हणजे मनावर घ्यायचं, पण मनाला लावून घ्यायचं नाही. दहा वर्षांच्या मुलीने हे दोन्ही एकाच मनाने कसं करायचं, ते कुणी सांगितलं नाही. दिवाळीत आई फराळाचे डबे कपाटात ठेवून कुलूप लावायची आणि किल्ली पदराला बांधायची. भावाला हवा तेवढा फराळ मिळे, मला मोजून एक लाडू. तिची माया कमी नव्हती. डॉक्टरांनी, नातेवाइकांनी, साऱ्या गावाने तिला जे सांगितलं होतं, तेच ती जिवाच्या आकांताने करत होती.

आणि मी मनावर घेतलं. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे नोंदी ठेवायची सवय आहे. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी माझं वजन ७४ किलो होतं, तेव्हापासूनची एक वही माझ्याकडे आहे. कृष्णेच्या घाटापर्यंत पहाटेचं चालणं, मध-लिंबू, गव्हांकुराचा रस, सोमवार-गुरुवार-शनिवारचे उपवास, दोन वर्षं भात बंद, जिम, आहारतज्ज्ञ, दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत, सगळं त्या वहीत तारखांसह आहे. २०१४ साली नऊ महिन्यांत १४ किलो उतरवले. शाळेत माझं अभिनंदन झालं. पुढच्या दीड वर्षात १७ किलो परत आले आणि तेव्हा कुणी काही बोललं नाही, फक्त माझ्या ताटाकडे पाहिलं.

मागच्या वर्षी एका रात्री मी त्या वहीतल्या आकड्यांची बेरीज केली. अठ्ठावीस वर्षांत मी एकूण ९१ किलो वजन कमी केलं होतं आणि १३५ किलो परत मिळवलं होतं. आज मी ११८ किलोची आहे. त्या दोन आकड्यांकडे मी बराच वेळ बघत राहिले. ज्या बाईने ९१ किलो कमी केलं, तिच्यात इच्छाशक्ती नाही असं कुठलंही गणित सांगत नाही. मग परत आलेल्या १३५ किलोंचं उत्तर दुसरीकडे शोधायला हवं होतं.

ते उत्तर वैद्यकशास्त्राकडे केव्हाच होतं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पन्नास लठ्ठ माणसांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकाचा आहार दिला. त्यांचं वजन सरासरी साडेतेरा किलोंनी उतरलं. वर्षभराने त्यांचं रक्त तपासलं, तेव्हा भूक वाढवणारी संप्रेरकं चढलेलीच होती आणि पोट भरल्याचा निरोप देणारी उतरलेलीच. वर्ष उलटलं तरी शरीर गेलेलं वजन परत मागत होतं. शिवाय वजन उतरलं की शरीर ऊर्जाही काटकसरीने वापरू लागतं, म्हणजे तेवढंच खाऊन, तेवढंच चालून आधीसारखा परिणाम मिळत नाही. साडेतेरा किलो वाचून मला २०१४ साल आठवलं. त्या वर्षी मी नापास झाले नव्हते. माझं शरीर दुष्काळ पडल्याचं समजून तगायला बघत होतं.

आपल्या लोकांच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे आणि ती पुण्यातच उलगडली. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळाचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळाचं ३.५ किलो. पण आपलं बाळ रोड दिसत असलं, तरी त्याच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त. पुढे २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा : २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडे मधुमेह कमी वजनावर आणि कमी वयात का गाठतो, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं. म्हणूनच भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा पाश्चात्त्यांसारखी ३० वर न धरता २५ वर धरतात.

माझा बीएमआय ४८ आहे. नऊ वर्षांपासून मधुमेह, त्याआधीपासून रक्तदाब. गुडघ्यांमुळे सलग दोन तास उभं राहून शिकवता येत नाही. गेल्या वर्षी झोपेची तपासणी झाली. माझा श्वास दर तासाला सरासरी ४६ वेळा अडत होता. तो अहवाल वाचताना नवरा हळूच म्हणाला, "मला माहीत होतं." कितीतरी वर्षं तो रात्री जागा राहून माझा पुढचा श्वास येतोय ना, हे ऐकत पडून असे. मला वाईट वाटेल म्हणून बोलला नव्हता.

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचं डॉक्टरांनी पहिल्यांदा सुचवलं, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हा मी साफ नाही म्हटलं. ही शस्त्रक्रिया म्हणजे २०१७ मध्ये सुमारे ५०० किलो वजनाच्या इमान अहमद हिला इजिप्तहून मुंबईत विमानाने आणलं, तशा टोकाच्या रुग्णांसाठी, असा माझा समज होता. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये ती करून घेतली आणि त्याबद्दल उघडपणे बोललेही, हे वाचलं होतं. पण मोठ्या माणसांच्या गोष्टी वेगळ्या, असं म्हणून मी सोडून दिलं. खरं कारण मनात होतं. शस्त्रक्रिया केली तर लोक म्हणतील, हिला जमलं नाही म्हणून पोट कापून घेतलं. आयुष्यभर माझ्यावर जो आरोप होता, त्याची कबुली मी स्वतःच्या हाताने लिहून देतेय, असं मला वाटत होतं.

वहीतल्या त्या बेरजेने हे बदललं. मी पुण्याला गेले, दोन सर्जनना भेटले, प्रश्न लिहून नेले. पूर्वी या शस्त्रक्रियेसाठी ४० किंवा सहव्याधी असतील तर ३५ बीएमआय लागे. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी निकष शिथिल केले आणि आशियाई लोकांसाठी तर २७.५ पासून विचार करता येईल असं सुचवलं. विम्याच्या नियमांत मात्र अजून ४०, किंवा गंभीर सहव्याधी असतील तर ३५, हीच अट आहे. मी दोन्हींत बसते. वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दलही विचारलं. २०२५ मध्ये ती आपल्याकडे आली आणि अनेकांना त्यांचा चांगला उपयोग होतो. पण ती थांबवली की वजन बहुतेकांचं परत येतं आणि मला जितकं उतरायचं आहे, तितकं त्यांनी उतरण्याची शक्यता कमी, असं माझ्या डॉक्टरांचं मत पडलं.

शेवटच्या भेटीला आईला बरोबर नेलं. ती ७४ वर्षांची आहे. खुर्चीत बसल्या बसल्या तिने सर्जनबाईंना विचारलं, "चांगल्या धडधाकट पोटाला कापायचं कशाला? तोंड आवरलं तर होणार नाही का?"

सर्जनबाईंनी कागद पुढे ओढला आणि चित्र काढलं. जठराच्या वरच्या टोकाला छोट्या लिंबाएवढी पिशवी वेगळी करायची आणि लहान आतड्याचा खालचा भाग तिला आणून जोडायचा. उरलेलं जठर काढून टाकत नाहीत, ते आतच राहतं. जेवण थोडं जातं आणि आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं. तिथून 'आता पुरे' असं मेंदूला सांगणारी संप्रेरकं भरपूर सुटतात. ती नवी इंजेक्शनं यांतल्याच एका संप्रेरकाची नक्कल करतात. कित्येकांची साखर तर वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत खाली येते.

"आजी," त्या म्हणाल्या, "हिचं पोट धडधाकट नाहीये. पुरे झालं, हा निरोप ते नीट पोचवत नाही. आपण तो निरोप दुरुस्त करतोय."

आईने थोडा वेळ त्या चित्राकडे पाहिलं. मग विचारलं, "म्हणजे ही हावरट नव्हती?"

"नव्हती."

परतीच्या एसटीत आई काही बोलली नाही. कराड गेल्यावर खिडकीकडे बघतच म्हणाली, "त्या कपाटाची किल्ली मी पदराला बांधून ठेवायचे. तुला एक लाडू मोजून द्यायचे. तू कधी दुसरा मागितलासुद्धा नाहीस."

मी तिचा हात हातात घेतला. "आई, मनाला लावून घेऊ नकोस."

ही शस्त्रक्रिया म्हणजे जादू नाही, हे मला ठाऊक आहे. स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया केलेले आणि न केलेले मिळून चार हजारांवर रुग्ण वर्षानुवर्षं तपासले गेले. शस्त्रक्रिया केलेल्यांचं आयुर्मान तशाच पण शस्त्रक्रिया न केलेल्यांपेक्षा तीन वर्षांनी जास्त निघालं. तरीही सर्वसामान्य माणसापेक्षा ते कमीच राहिलं. म्हणजे हा आजार मुळापासून पुसला जात नाही, पण वर्षं हाती लागतात. धोकेही आहेत. जोडलेल्या जागी गळती होऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो, पायात रक्ताची गाठ होऊ शकते. अनुभवी केंद्रात मृत्यूचा धोका फार थोडा, पण शून्य नाही. तीन-चार महिन्यांनी केस गळतील. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर गोळ्यांतून घ्यावं लागेल आणि दरवर्षी रक्त तपासावं लागेल. आधीचे दोन आठवडे जवळपास द्रव आहार, कारण यकृतावरची चरबी उतरली की सर्जनला काम करायला जागा मिळते. नंतरही पातळ, मग मऊ, मग चावून-चावून चार घास, असं हळूहळू शिकायचं आहे. जेवताना पाणी प्यायचं नाही. सगळं नीट केलं तरी काही वर्षांनी थोडं वजन परत येऊ शकतं, हेही मला सांगितलं गेलं आणि मी ते वहीत लिहून ठेवलं आहे.

काही गोष्टींचं वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही. आईच्या हातची तुपात भिजलेली पुरणपोळी आता एक घास. जास्त गोड पटकन खाल्लं तर घाम फुटतो, छाती धडधडते, आडवं व्हावं लागतं. पंगतीत आग्रह झाला की "एवढंच" म्हणताना कुणी तरी दुखावणार. खाण्याने मला पुष्कळ एकटेपणातून तारलं आहे. तो आधार सुटला की त्या जागी काय येईल, यावर रुग्णालयातल्या समुपदेशकांशी मी चार वेळा बोलले. ज्यांना हा निर्णय घ्यायचा आहे, त्यांनी ही भेट टाळू नये. पोटाचं ऑपरेशन होतं, सवयीचं आणि दुःखाचं होत नाही.

आता वाचकांना एक विनंती. देशात दर चार प्रौढ स्त्रियांपैकी जवळपास एकीचं वजन प्रमाणाबाहेर आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं. म्हणजे तुमच्या घरात, वर्गात, कचेरीत माझ्यासारखं कुणीतरी आहेच. त्यांना "मनावर घे" म्हणू नका. त्यांनी ते तुम्ही म्हणण्याच्या आधीपासून घेतलेलं असतं. मधुमेही माणसाला जसं आपण डॉक्टरकडे चल म्हणतो, तसंच त्यांना म्हणा आणि जमलं तर बरोबर जा. जाड मुलाचे आई-बाप असाल तर डब्यांना कुलूप लावू नका. घरातल्या सगळ्यांसाठी एकच ताट ठेवा. आणि तुम्ही स्वतः माझ्या जागी असाल, तर शस्त्रक्रिया करा किंवा करू नका, पण निर्णय शरमेपोटी घेऊ नका. आपले आकडे मांडा, दोन डॉक्टरांना विचारा, धोके लिहून काढा आणि मग ठरवा.

येत्या मंगळवारी सकाळी सात वाजता मला पुण्यात दाखल व्हायचं आहे. पुढचे तीन आठवडे हे सदर नसेल.