लाइक आले, गिऱ्हाईक कुठंय?

यवतमाळच्या दत्त चौकाजवळचं एखादं साड्यांचं दुकान डोळ्यांसमोर आणा. दुपारी गर्दी ओसरली की मालक मोबाइल काढतो. सकाळी टाकलेल्या रीलखाली निळं बटण असतं: ‘बूस्ट पोस्ट’. रोजचे १०० रुपये, पाच दिवस. झाले ५००. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. मोठ्या कंपनीला हे वरचे ९० रुपये वजावटीत परत मिळतात. कंपोझिशन योजनेतल्या किंवा नोंदणीच नसलेल्या दुकानदाराच्या ते अंगावर पडतात. तीच जाहिरात लहान्याला महाग पडते, ती अशी.

पण खरी गळती पुढे आहे. जाहिरात कुठे दिसावी, यासाठी शहराभोवती वर्तुळ आखता येतं, जास्तीत जास्त ८० किलोमीटरचं. जितके जास्त लोक तितकं बरं, असं वाटून हात सहज ८० वर जातो. यवतमाळ मध्यभागी धरून हे वर्तुळ नकाशावर काढून बघा. त्यात अमरावती येतं, वर्धा येतं. आपल्याच जिल्ह्यातली वणी आणि उमरखेड मात्र बाहेर राहतात! अमरावतीची बाई साडीसाठी यवतमाळला कशाला येईल? तिच्या हाताशी बिझीलँड, सिटीलँडसारखे कापड बाजार आहेत. तिनं रीलला लाइक दिला असेल, एवढंच.

आणि लाइक मागितले की जाहिरात दाखवणारं यंत्र लाइकच आणून देतं. ज्यांना दिवसभर अंगठा उमटवायची सवय आहे, त्यांच्यापुढे ते जाहिरात नेऊन ठेवतं. खिशात पैसे घेऊन बाजाराला निघालेली माणसं वेगळी असतात. भोंगा लावून फिरणारी रिक्षा कानठळ्या बसवायची, पण निदान आपल्याच गल्ल्यांतून फिरायची.

हातात पैसा कधी येतो, हेही यंत्रापेक्षा दुकानदाराला जास्त कळतं. वणीत कोळसा खाणीच्या पगाराची तारीख बाजाराला पाठ असते. घाटंजी-राळेगावकडे वेचणी होऊन कापूस विकला जाईपर्यंत नवी साडी, नवा फवारणी पंप, सगळं लांबणीवर पडतं. ऑगस्टच्या पावसात पाच हजार जाहिरातीत घालणं म्हणजे पेरणीआधी कापणीचे मजूर सांगून ठेवणं. उलट दुर्गोत्सवात गावोगावची माणसं यवतमाळच्या रस्त्यांवर असतात. तेव्हा दोन-तीन किलोमीटरचं वर्तुळ आणि संध्याकाळची वेळ, एवढ्यावर भागतं.

फसगत फक्त लहानांचीच होते असं नाही. २०१२ मध्ये ईबे या कंपनीनं काही सर्च इंजिनांवर स्वतःच्याच नावापुढे दिसणाऱ्या जाहिराती बंद करून पाहिल्या. जाहिरातीतून येणारे जवळजवळ सगळे लोक त्याखालच्या फुकटच्या लिंकवरून येतच राहिले. २०१७ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलनं एका तिमाहीत डिजिटल जाहिरातींचे १० कोटी डॉलर कापले आणि विक्रीवर फारसा फरक पडला नसल्याचं सांगितलं. फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या मेटाची २०२४ मधली जाहिरातींची कमाई १६० अब्ज डॉलरच्या वर गेली. ‘इतक्या लोकांनी पाहिलं’ हा आकडा तीच कंपनी देते आणि बिलही तीच पाठवते, हे विसरून कसं चालेल?

जाहिरात करूच नये, असं मुळीच नाही. नवं दुकान, नवा माल, लग्नसराई, अशा वेळी थेट व्हॉट्सॲपवर विचारणा आणून देणारी जाहिरात उपयोगी पडते. मोबाइल पुढे करून ‘भाऊ, हेच हाये का?’ असं विचारणारी एक बाई हजार लाइकला भारी असते. तिला मोजा. दोन महिने एक आठवडा जाहिरात चालू ठेवा, एक आठवडा बंद. गल्ल्यावर आलेल्या प्रत्येकाला ‘कुठं पाहिलं?’ एवढंच विचारा आणि एक रेघ ओढा. उधारीच्या वहीचं शेवटचं पान त्याला पुरतं.