घर आणि यंत्र : डिझेल गाडीचें तेल आपल्या हातानें

आपल्या सुशिक्षित घरांतून मोटारगाडीविषयीं एक चमत्कारिक उदासीनता आढळते. गाडी घ्यावयाची ठरली म्हणजे तिची अश्वशक्ति, तिचा रंग, तिचे हप्ते यांवर आठ-आठ दिवस खल चालतो, पण तीच गाडी दोन वर्षें धांवल्यावर "इंजिनांतील तेल शेवटीं केव्हां बदललें?" असा प्रश्न केला, तर वडील मंडळी मुलांकडे, मुलें ड्रायव्हराकडे आणि ड्रायव्हर आभाळाकडे पाहूं लागतो.

कोल्हापुरांत व आसपासच्या गांवीं ज्या घरांस शेती, दुकान किंवा लहानसा कारखाना आहे, त्यांच्या दारांत बहुधा एक डिझेल पिकअप उभी असते. गुळाचे रवे बाजारांत पोंचवावयाचे, दुधाचे कॅन न्यावयाचे, छापखान्याचा कागद आणावयाचा, कार्यप्रसंगीं भांडीं वाहावयाचीं, सारा भार तिच्या हौद्यावर. अशा घरीं गाडीचें इंजिन बसणें म्हणजे जवळजवळ दुकानच बसणें होय. आणि इंजिन बसण्याचें अगदीं सामान्य कारण म्हणजे वेळेवर न बदललेलें तेल. म्हणून हें काम घरींच कसें करावें याचा विचार या खेपेस करावयाचा आम्हीं योजिलें आहे.

"तें मेस्त्रीचें काम, आपलें नव्हे," असें म्हणणारांस आम्ही इतकेंच विचारतों कीं, बेळगांवांत १८८८ सालीं सायकलींचें दुकान काढणारे आणि पुढें १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर कोणत्या घरांतले होते? त्यांच्या हातांस लागलेल्या काळ्या तेलाचें आपण कौतुक करतों. तेंच आपल्या चिरंजीवांच्या सदऱ्यास लागलें तर मात्र घरांत दोन दिवस बोलणीं चालतात. आणि कोल्हापुरांत राहून तरी यंत्राची शिसारी शोभत नाहीं. ज्या शिवाजी उद्यमनगरांत म्हादबा मेस्त्रींचें नांव आजही आदरानें घेतात, तें आपल्या घरापासून फार तर दोन-चार मैलांवर आहे.

आतां तेलास एवढें महत्त्व कां? पेट्रोलच्या इंजिनांत जळण पेटवावयास ठिणगी लागते. डिझेलच्या इंजिनांत ती नसते. तेथें हवा सुमारें सोळा ते वीस पट दाबली जाते, त्या दाबानेंच ती पांचशें अंशांहून अधिक तापते, आणि तींत डिझेलचा फवारा पडतांच तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या इंजिनियरास या कल्पनेचें पेटंट १८९३ सालीं मिळालें व १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें त्याचें इंजिन यशस्वी ठरलें. एवढा दाब सोसणाऱ्या दांड्याचा व बेअरिंगाचा धातु एकमेकांस टेकूं न देणारा पदार्थ एकच, तो म्हणजे तेलाचा पातळ थर. शिवाय जळणांतून निघालेली कांहीं काजळी पिस्टनच्या कड्यांशेजारून खालीं तेलांत उतरते. म्हणून नवें तेल थोड्याच दिवसांत काळें दिसूं लागलें तरी घाबरूं नये. काजळी व आम्लें पोटांत धरून ठेवणें हेंच त्याचें काम. त्याची ही शक्ति संपली कीं काजळीचा चिखल होतो, बारीक वाटा तुंबतात, आणि पहिला बळी पडतो तो टर्बोचा. त्याचा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो व तो केवळ तेलावर तरंगत असतो.

तेल कोणतें घ्यावें हें शेजाऱ्यांस विचारूं नये, गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेस विचारावें. डब्यावर १५ डब्ल्यू-४० असे आंकडे असतात. पहिला थंडींतील प्रवाहीपणा दाखवितो, दुसरा तापलेल्या इंजिनांतील दाटपणा. पण केवळ हे आंकडे पाहून भागत नाहीं. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. त्यानंतरच्या अनेक डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळींत काजळी अडविणारी गाळणी असते. तेलांतील धातुयुक्त द्रव्यांची राख तींत सांचते आणि ती कांहीं केल्या जळत नाहीं. अशा गाडीस कमी राखेचेंच तेल लागतें. जुन्या गाडीसाठीं आणलेला अर्धा डबा उरला आहे म्हणून तो नव्या गाडींत ओतणें ही काटकसर फार महागांत पडते. किती लिटर व किती किलोमीटरांनीं, हेंही पुस्तिकेंतच पाहावें. किलोमीटर पुरे झाले नाहींत तरी सांगितलेली मुदत भरली कीं तेल बदलावें. धुळीच्या रस्त्यानें जड ओझें वाहणाऱ्या गाडीस ही मुदत त्याहून कमी धरावी लागते. गाडी हमीच्या मुदतींत असेल तर मात्र हा उद्योग घरीं करूं नये, कंपनीच्या अधिकृत ठिकाणींच करवावा.

काम असें. गाडी चार-पांच मिनिटें चालवून तेल कोमट करावें, म्हणजे तें मोकळें वाहतें. मात्र रस्त्यावरून तापून आलेल्या इंजिनास लगेच हात घालूं नये, त्या तेलानें कातडी सोलून निघते. गाडी सपाट फरशीवर उभी करून हातब्रेक ओढावा, गिअरमध्यें ठेवावी, चाकांस पुढून-मागून दगड लावावे व किल्ली काढून खिशांत घालावी. पिकअप बहुधा उंच असते, तेव्हां जॅक लागतच नाहीं. लागलाच तर नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कोणीही, अगदीं क्षणभरही, शिरूं नये. अशानें माणसें दगावलीं आहेत. उपरणें, पदर, गळ्यांतील साखळी यांस या कामीं रजा द्यावी.

ऑइल चेंबरच्या तळाशीं जो बोल्ट असतो त्याखालीं रुंद घमेलें ठेवून तो बरोबर मापाच्या रिंग पान्यानें सैल करावा. शेजारीं गिअरबॉक्सचाही तसाच बोल्ट असतो, तो कोणता हें पुस्तिकेंतील आकृतीवरून आधीं पाहून घ्यावें. वरचें झांकण उघडें ठेवलें कीं तेल लवकर उतरतें. तरी दहा-पंधरा मिनिटें थेंब निथळूं द्यावे. मग फिल्टर काढावा. जुन्या फिल्टरची रबरी कडी इंजिनासच चिकटून राहिली नाहीं ना, हें बोटानें चांचपून पाहावें. दोन कड्या एकावर एक बसल्या तर सगळें तेल रस्त्यावर सांडतें. नव्या फिल्टरच्या कडीस तेलाचें बोट लावून तो हातानें घट्ट करावा. बोल्टास नवा वॉशर घालून तो बेतानें आवळावा. येथें पैलवानी कामाची नाहीं, आटे गेले कीं चेंबरच बदलावें लागतें. मग सांगितल्यापेक्षां थोडें कमी तेल ओतावें, इंजिन मंद चालवावें, तेलाचा दिवा विझला व खालीं गळती नाहीं असें पाहावें, बंद करून पांच मिनिटें थांबावें आणि काठीच्या दोन खुणांमधील वरच्या खुणेपर्यंत भरावें. त्या खुणेच्या वर तेल चढणें कमी तेलाइतकेंच वाईट.

ज्या घरांत सूनबाई इंजिनियर आहेत, तेथें हें काम तिला न विचारतां धाकट्या दिरावर सोंपविण्याची चाल आम्हीं पाहिली आहे. त्या घरच्या वडील मंडळींनीं एकदां पाना कोणाच्या हातांत शोभतो याचा विचार करावा.

आतां घमेल्यांतील काळें तेल. जळकें ऑइल वाळवीसाठीं खांबांस फासणें, सेंट्रिंगच्या फळ्यांस लावणें, उरलेलें मोरींत ओतणें, हें आपल्याकडे सर्रास चालतें. मोरींतून तें गटारास, गटारांतून जयंती नाल्यास आणि नाल्यांतून पंचगंगेस मिळतें. आणि त्याच पाण्याच्या कांठीं खालीं शिरोळ तालुका आहे. एक गॅलन जळकें तेल दहा लाख गॅलन पाणी नासवूं शकतें, असें अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचें सांगणें आहे. म्हणजे पावणेचार लिटर तेल आणि जवळजवळ अडतीस लाख लिटर पाणी. त्याचा त्वचेशीं वारंवार संबंध आल्यास कर्करोगाचाही धोका असतो, यास्तव रबरी हातमोजे घालावे आणि पोरांस घमेल्याजवळ फिरकूं देऊं नये. आपल्या कायद्यानें तें घातक कचऱ्यांत मोडतें, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल विकणाऱ्या उत्पादकांवर तें परत गोळा होऊन शुद्ध व्हावें याची जबाबदारी आली आहे. तेव्हां तें नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यांत भरून, त्यांत पाणी किंवा रॉकेल न मिसळतां, जेथें तेल घेतलें त्या विक्रेत्याकडे किंवा गाडीच्या सेवाकेंद्राकडे द्यावें व तें नोंदणीकृत शुद्धीकरण करणाराकडेच जातें ना, याची विचारपूस करावी. जुना फिल्टरही रात्रभर पालथा निथळवून त्याबरोबरच द्यावा.

शेवटीं कागदाच्या एका चिठ्ठीवर तारीख, किलोमीटर, तेलाचें नांव व फिल्टरचा नंबर लिहून ती ड्रायव्हरच्या दाराच्या आंतील बाजूस चिकटवावी, आणि दुसरे दिवशीं सकाळीं गाडी हलविण्यापूर्वीं तिच्याखालच्या फरशीवर थेंब पडला आहे कीं काय, हें वांकून पाहावें.