बांधावरचा गधेगाळ



शेताच्या बांधावर, पडक्या देवळामागे किंवा रस्त्याच्या कडेला एखादा कोरीव दगड उभा असलेला आपण पाहतो. वर सूर्य-चंद्र, मध्ये पुसट झालेली अक्षरे आणि खाली एक बाई व गाढव. चित्र ओंगळ दिसते म्हणून कुणी तो पालथा घालतो, तर कुणी देव समजून शेंदूर फासतो. हा दगड देवही नव्हे आणि निव्वळ चावटपणाही नव्हे. याचे नाव गधेगाळ. गाळ म्हणजे शिवी.

पूर्वी राजा किंवा त्याचा कारभारी देवस्थानाला वा एखाद्या विद्वानाला जमीन दान देई, तेव्हा त्याची नोंद दगडावर कोरून ठेवीत. तेव्हा स्टँप पेपर नव्हता की दुय्यम निबंधकाची कचेरी नव्हती. शिवाय वाचता येणारे थोडेच. म्हणून चित्रेच बोलकी केली. सूर्य-चंद्र आहेत तोवर हे दान चालेल, हा वरच्या चित्राचा अर्थ. आणि जो ते मोडील त्याच्या आईची अशी विटंबना होवो, हा खालच्या चित्राचा. शिवी रांगडी खरी, आणि एकाच्या पापासाठी त्याच्या आईला ओढणे आज आपल्याला पटणार नाही. पण दुसऱ्याच्या जमिनीवर हात टाकणाऱ्याला जरब बसावी, हाच तिचा हेतू होता.

अलिबागजवळच्या आक्षी गावी असाच एक गधेगाळ आहे. त्यावरचा लेख शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ चा असून तो मराठीतला सर्वात जुना शिलालेख असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्या भाषेचा जुन्यात जुना कागद असा उघड्यावरच्या दगडाने सांभाळला!

आता भिवंडी तालुका पाहा. आज भिवंडी म्हटले की यंत्रमाग आणि गोदामे आठवतात. पण शिलाहार राजे उत्तर कोकणावर राज्य करीत होते तेव्हा याच परिसरातले लोनाड हे नावाजलेले ठिकाण होते. भादाणे गावच्या ताम्रपटात शके ९१९ म्हणजे इ. स. ९९७ साली अपराजित राजाने भादाणे गाव लोनादित्य देवाच्या पूजेसाठी दिल्याची नोंद आहे. लोनाडचे नाव त्यात लवणेतट, म्हणजे खाऱ्या पाण्याचा काठ, असे येते. पुढे लोनाडलाच अपरादित्याचा शके ११०६ चा शिलालेख मिळाला, आणि जवळच्या चौधरपाड्यात केशिदेवाचा शके ११६१ चा. लोनाडचे जुने शिवालय आणि डोंगरातली बौद्ध लेणी आहेत ती वेगळीच. आज ज्या नावाने आपण भादाण्याला हाक मारतो, ते नाव हजार वर्षे टिकले, हे आपल्याला त्या पत्र्यांमुळे कळले.

पण याच भागात मुंबई-नाशिक रस्त्याच्या अंगाने भातखाचरे जाऊन गोदामे उभी राहिली. जेसीबीच्या पात्याला कोणता दगड अक्षरांचा आणि कोणता मुरमातला, हे कळत नाही. एकदा तो भरावात गेला की गावाच्या इतिहासाचे एक पान कायमचे गेले. म्हणून असा दगड आढळला तर एवढे करा.

दगड जागचा हलवू नका. तो कुठे उभा आहे, हीसुद्धा माहितीच आहे. तेल, शेंदूर, चुना किंवा रंग लावू नका, कारण त्याखाली अक्षरे बुजतात. लोकांची श्रद्धा असेल तर फूल वाहावे, त्याने दगडाचे काही बिघडत नाही. अक्षरे खिळ्याने किंवा छिन्नीने उकरू नका. फोटो काढून ग्रामसेवक, तलाठी आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा, आणि ग्रामसभेत नोंद करून घ्या.

नांगरताना ताम्रपट किंवा नाणी निघाली तर ती मोडीत घालू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त मोलाचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो. सरकारने तो घेतला, तर ऐवजाची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देण्याची तरतूदही त्यात आहे.

जमीन जाईल या भीतीने पुष्कळजण गप्प बसतात. पण दगड कळवल्याने सातबाऱ्यावरचे नाव बदलत नाही. जागा संरक्षित करायची झाली, तर सरकारला आधी अधिसूचना काढून हरकती मागवाव्या लागतात.

सातबारा आपण जिवापाड जपतो. बांधावरचा हा दगड म्हणजे साऱ्या गावाचा जुना सातबारा. तोही तसाच जपायला हवा. या सुट्टीत घरच्या पोरांना घेऊन शिवारात एक फेरी मारा आणि पालथा पडलेला एखादा दगड दिसला, तर त्याची नोंद करून घ्या.