शाळेच्या फळ्यावर आपला हिशेब



दिवाळी झाली की वेचणीला जोर येतो आणि शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरी वाढते. हिवरखेड मोर्शी तालुक्यातले घ्या की तेल्हाऱ्यातले, चौथीतली पोरगी घरी लहान भाऊ सांभाळते आणि पाचवीतला पोरगा कमरेला झोळी बांधून कापसाच्या तासात उभा राहतो.

मायबापाला हौस नाही. वेचणीची मजुरी द्यायला पैसा नाही, कारण कापसाचा उत्पादन खर्च भरून निघत नाही. हे आम्ही दर बैठकीत सांगतो. पण भाव मिळेपर्यंत पोरांचे शिकणे थांबवायचे काय? आणि शाळेत बसलेल्या पोराला तरी आपल्या घरचा हिशेब कळतो काय?

हा सवाल जुना आहे. 1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी प्राथमिक शाळेत लिहिणे-वाचणे, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे असे मांडले. 1937 साली शेजारच्या वर्ध्यात गांधीजींच्या पुढाकाराने नई तालीमची योजना आली. हाताला काम देणारी ती शाळा पाहून अनेकांना वाटले, शेतकऱ्याचा पोरगा शेतातच ठेवायचा डाव आहे. ही शंका खोटी म्हणता येत नाही. म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. पोराला शेतकरी करण्यासाठी नव्हे, त्याला कोणी फसवू नये यासाठी शेतीतून शिकवा.

एक आठवडा असा करून पाहू.

सोमवारी तराजू. क्विंटलभर कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, गाठ 170 किलोची. एका गाठीला कापूस किती? पोरे 5 क्विंटल हे उत्तर स्वतः काढतील.

मंगळवारी शेकडेवारी. सीसीआयच्या खरेदीत 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, पुढे 12 पर्यंत टक्क्याला टक्का कपात. 2025-26 च्या हंगामात मध्यम धाग्याचा हमीभाव 7710 रुपये. ओलावा 11 टक्के निघाला, तर क्विंटलमागे 231 रुपये 30 पैसे कटतात. हे गणित ज्या पोरीला येते तिच्या बापाला काट्यावर कोणी गुंडाळू शकत नाही.

बुधवारी पाऊस. सरळ बुडाचा डबा आणि पट्टी पुरे. एकरावर 25 मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे 1 लाख लिटर पाणी. त्यातले वावरात किती मुरले, नाल्याला किती गेले, यावर वर्गात बोलणे व्हावे.

गुरुवारी वाचन. सातबारा, बियाण्याच्या पाकिटावरचा मजकूर, औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. घरात एकाला तरी तो डबा वाचता यावा.

शुक्रवारी एखाद्या आजीला वर्गात बोलवा. ज्वारीचे जुने वाण, कडबा, कणसे खुडणे, पेवातली साठवण हे तिने सांगावे आणि पोरांनी लिहून घ्यावे.

शनिवारी सकाळच्या शाळेत पोरांनी आठवड्याचा हिशेब मायबापांपुढे वाचावा. चूक निघाली तर तिथेच दुरुस्त करावी.

यासाठी कोणाच्या दारी अर्ज घेऊन उभे राहायला नको. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा बायांच्या. ही समिती आपलीच आहे. पण तिच्या सभेला आपण किती वेळा गेलो? बरेचदा रजिस्टर घरी येते आणि आपण अंगठा किंवा सही देऊन मोकळे होतो. हा दोष आपला, आमच्यासकट सर्वांचा.

म्हणून या बैठकीहून परतल्यावर दोन कामे करावीत. समितीच्या पुढच्या सभेत हा आठवडा मांडावा; गुरुजींवर हुकूम म्हणून नव्हे, तराजू आणि कापूस आपण नेऊन द्यावा. आणि त्या आठवड्यात एकही पोर वेचणीला नेऊ नये. शेजारपाजाऱ्यांनी मिळून एकमेकांचे वावर उरकावे.

भावाची लढाई आपण लढतोच आहोत. उद्या ती ज्यांना लढायची आहे, त्यांचा हिशेब आजच पक्का करू.